मंगळवारचा शिक्का

तिचा एक नेम होता आणि तो तिच्या खात्यात कुणालाही माहीत नव्हता. रोज सकाळी दहा वाजता, असेल तिथून, आईला फोन करायचा आणि एक वाक्य खरं बोलायचं. एकच. गुप्त खात्यात तिची अकरा वर्षं गेली होती. उठल्यापासून झोपेपर्यंत खोटं बोलणं हेच काम. तोंडाला त्याची इतकी सवय लागली होती की एकदा दातांच्या डॉक्टरांनी "दुखतंय का?" म्हणून विचारलं, तर ती सफाईने "छे, मुळीच नाही" म्हणून मोकळी झाली आणि घरी येऊन दोन दिवस गाल धरून बसली. तेव्हापासून हा नेम. वाक्य मोठं असावं असं काही नव्हतं. "आज टाच दुखतेय." "काल मला तुझी आठवण आली नाही." आई निवृत्त मुख्याध्यापिका. ती ऐकून घ्यायची, "बरं, नोंद घेतली" म्हणायची आणि फोन ठेवायची.

कामावर असताना घरी फोन करायचा नाही हा खात्याचा कडक नियम. अकरा वर्षांत तिने मोडलेला नियम तेवढाच.

जगासाठी ती वजनमाप निरीक्षक होती. बंदराकडच्या भागातल्या दुकानांत, गिरण्यांत, गोदामांत जायचं, तराजू तपासायचे, खोटी वजनं जप्त करायची, खऱ्यांवर शिक्का मारायचा. लोखंडी वजनाच्या पोटात एक भोक असतं. त्यात शिसं भरून वजन काटेकोर जुळवतात आणि त्या शिशावर निरीक्षकाचा शिक्का उमटवतात. गुप्त खात्याने तिला हे सोंग दिलं ते त्या भोकासाठी. शिसं उकरायचं, खाली कागदाची सुरळी सरकवायची, वर पुन्हा शिसं. असं वजन चार माणसांदेखत हातातून हातात गेलं तरी कुणाला शंका येत नाही.

पण तिचा स्वभाव असा, की सोंगसुद्धा वरवरचं जमेना. निरीक्षकाच्या परीक्षेला ती बसली, पहिली आली, आणि ते खोटं काम अकरा वर्षं खऱ्यासारखं करत राहिली. मामांना त्याचं हसू यायचं. "मापटं, अगं तू नाटकातली निरीक्षक. नाटकातल्या राजाने खरोखरचा कारभार करायचा नसतो!"

मामा म्हणजे तिचे साहेब. वजनमाप कार्यालयाच्या मागच्या बाजूला, रद्दीच्या कपाटांपलीकडे तीन खोल्या होत्या, तिथे त्यांचं गुप्त खातं बसायचं. सगळे त्यांना मामाच म्हणत. ती चणीने लहान म्हणून 'मापटं' हे नाव त्यांनीच ठेवलेलं. तिला खात्यात आणलं मामांनी, पिस्तूल धरायला शिकवलं मामांनी, आणि पहिल्याच कामगिरीत मांडीत गोळी घुसली तेव्हा तिला पाठुंगळी घेऊन मैलभर धावले तेही मामाच. "आपलं माणूस मागे ठेवून यायचं नाही," हे ते धापा टाकत म्हणाले होते. ते वाक्य तिने जन्मभरासाठी जपून ठेवलं होतं.

त्या बुधवारची कामगिरी सोपी होती. बंदरात एक मोठा गोदामवाला होता. धान्याच्या पोत्यांखालून तो हत्यारं देशाबाहेर पाठवतो असा संशय होता, पुरावा नव्हता. पुरावा मिळाला तो त्याच्याच वजनकाट्यावर. जमिनीलगत बसवलेल्या लोखंडी पाट्यावर भरलेला ट्रक उभा राहतो आणि बाजूच्या केबिनमधली कारकून वजनाची चिठ्ठी फाडते. ती कारकून, सगळे तिला काटेवालीच म्हणत, सात महिने दोन चिठ्ठ्या फाडत होती. एक खोट्या वजनाची, गोदामवाल्यासाठी. दुसरी खरी, निरीक्षकबाईंसाठी. धान्याचा ट्रक जितका भरायला हवा त्याहून कुठला किती जड निघाला, तारखेसकट, नंबरासकट.

तिने बदल्यात एकच मागितलं होतं. तिचा थोरला भाऊ त्याच गोदामाचा ट्रक चालवायचा. दोन वर्षांपूर्वी तो ट्रक रस्त्यात फुटला. धान्य कधी फुटतं का? पण चौकशीत लिहिलं, चालक दारू प्यायलेला होता. "त्याने आयुष्यात दारूचा वाससुद्धा घेतला नव्हता, बाई," काटेवाली म्हणाली होती. "तेवढं पुसून द्या. माझं काय व्हायचं ते होऊ दे."

"तुमचं काहीही होणार नाही. शेवटच्या चिठ्ठ्या घ्यायला मी स्वतः येईन आणि तुम्हाला सोबत घेऊन जाईन," निरीक्षकबाईंनी शब्द दिला होता. दिवस ठरला बुधवार. वेळ मामांनी ठरवली, अकरा.

दहा वाजता ती बंदराच्या अलीकडच्या चौकात औषधांच्या दुकानात शिरली. दुकानदाराचा तराजू तिने कधी विनाकारण अडवून धरला नव्हता, त्यामुळे त्याचा फोन तिला कायम मोकळा असे.

"आई, मी—"

"थांब," आई म्हणाली. "आधी सांग, माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याला काय झालं होतं?"

"शाळेची घंटा पडली होती त्याच्यावर. आई, हे काय?"

पलीकडे कागद उलगडल्याचा आवाज आला. मग आई म्हणाली, "तू मेली आहेस. आत्ता पोस्टमन पत्र देऊन गेला. मी सही करून घेतलं."

"काय?"

"मध्ये बोलू नकोस, वाचते. 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की आपली कन्या, वजनमाप निरीक्षक, ही आज बुधवार रोजी सकाळी अकरा वाजता बंदरातील वजनकाट्याची तपासणी करीत असता ब्रेक निकामी झालेल्या ट्रकच्या धडकेने सदर काट्यावरील महिला कारकुनासह जागीच मरण पावली.' माझ्या घड्याळात दहा वाजून तीन मिनिटं झालीत. तुझ्या?"

"तीनच," ती म्हणाली. काउंटरची काच तिच्या बोटांखाली गार लागत होती.

"म्हणजे तुला मरायला अजून सत्तावन्न मिनिटं आहेत. पुढे ऐक. 'तथापि, मयत निरीक्षक व सदर कारकून यांनी संगनमताने गोपनीय कागदपत्रे तस्करांना पुरविल्याचे चौकशीत निष्पन्न झाले असल्याने कोणताही शासकीय सन्मान देता येणार नाही. मयताचे घरी असलेले सर्व कागद पत्र पोचताच येणाऱ्या इसमाच्या स्वाधीन करावेत.' खाली सही आहे. मामांची. त्या दिवशी आपल्याकडे येऊन मला वाकून नमस्कार करून गेलेले, तेच ना हे?"

तिने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"ऐकतेस ना? मेलीस हे वाचून मी खाली बसले होते. दुसरा परिच्छेद वाचून उठून उभी राहिले."

हे पत्र आज इथे कसं पोचलं हे तिला लगेच कळलं, आणि कळलं म्हणूनच अंगाचा तिळपापड झाला. मामांना कामं आदल्या दिवशी उरकायची सवय. रजेचे अर्ज, अहवाल, सगळ्यावर पुढची तारीख टाकून सही ठोकायची आणि टेबलावरच्या जाळीच्या ट्रेमध्ये टाकून द्यायचं. आणि आवक-जावक कारकून असा, की संध्याकाळी पाचला ट्रे रिकामा दिसला नाही तर त्याला झोप येत नसे. कागदावरची तारीख तो कशाला वाचेल? समोर आला कागद की नोंदवहीत चढवायचा, पाकिटात घालायचा, रजिस्टर टपालाने रवाना. मंगळवारी दुपारी मामांनी तिच्या मरणावर सही केली असणार, तशीच, जाता जाता, कदाचित रजेच्या अर्जांच्या मधोमध. एका माणसाचा जीव घ्यायचा आणि त्यासाठी बुधवारपर्यंत थांबायचीही तसदी घ्यायची नाही!

"आई, पाकीट आहे ना? टपालाचा शिक्का कधीचा?"

"मंगळवारचा. सहा वाजून दहा मिनिटांचा. मी तेच आधी बघितलं, मला काय समजतेस?"

"पत्रापेक्षा ते पाकीट सांभाळ. घराला कुलूप लाव आणि मागच्या जिन्याने नीघ. तोवर कुणीही दारात आलं तर उघडू नकोस. थेट आमच्या कार्यालयात जा. पुढच्या दाराने. मागच्या खोल्यांकडे वळूसुद्धा नकोस. वजनमापाच्या मुख्य नियंत्रक आहेत, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. पाकीट त्यांच्याच हातात द्यायचं."

"आणि तू?"

"मी बंदरात जाते."

"अगं, मरायला बोलावलंय तिथे!"

"मला एकटीला नाही बोलावलेलं, आई. ती तिथे बसलीय माझी वाट बघत."

केबिनमधला फोन गोदामाच्या ऑफिसातून जोडला जातो, तिथे फोन करणं म्हणजे गोदामवाल्याच्या कानात ओरडणं. पोलिसांना कळवावं, तर गुप्त खात्याचा विषय निघताच ते आधी मामांनाच विचारणार. हे सगळं आईला सांगायला वेळ नव्हता. आईनेही विचारलं नाही.

"आजचं वाक्य राहिलं तुझं," आई एवढंच म्हणाली.

"संध्याकाळी," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

औषधवाला तिच्याकडे बघत होता. "बाई, घरी सगळं ठीक ना?"

"हो," ती सवयीने म्हणाली, आणि धावत सुटली.

दर बुधवारी वजनमाप कार्यालयाची वजनांची गाडी चौकाच्या पलीकडे उभी असते. मोठे काटे तपासायला वीस-वीस किलोची प्रमाणित वजनं लागतात, अशी शंभर वजनं त्या गाडीत असतात, चार हमाल असतात आणि त्यांचा मुकादम असतो, ज्याला सगळे पैलवान म्हणतात, कारण तो काडीसारखा बारीक आहे.

"पैलवान, आज कापडगिरणी रद्द. बंदरातला काटा तपासायचाय."

"कागद आहे का, बाई?"

तिने दप्तरातून छापील अर्ज काढला, गाडीच्या दारावर धरून भरला, शिक्का मारला. अचानक तपासणीचा अधिकार निरीक्षकाला कायद्यानेच असतो. तो तिला मामांनी दिलेला नव्हता, परीक्षेने दिलेला होता. हे त्या क्षणापर्यंत तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

पैलवानने कागद घेतला, पण नजर तिच्या चेहऱ्यावरच. "काय झालंय? तुमचं तोंड शिशासारखं पडलंय."

खोटं तिच्या जिभेवर तयार होतं, चांगली तीन-चार खोटी होती. तिने ती गिळली. "तिथे आज मला मारायचा बेत आहे. काट्यावरच्या बाईंनाही."

"मग आपण तिथे नको ना जायला?"

"जायलाच हवं."

पैलवानने मागे वळून हमालांना हाक दिली. "चला रे, बसा. चहा परत आल्यावर." आणि दार लावताना हळूच म्हणाला, "परत आल्यावर नक्की ना, बाई? कारण यांना मी तसं सांगितलंय."

बंदराच्या फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला उतार लागतो. उताराच्या पायथ्याशी काटा, काट्याला चिकटून काचेची केबिन. वरच्या टोकाला एक भरलेला ट्रक एकटाच उभा होता. इंजिन चालू. उतारावर ट्रक उभा केला की चाकांखाली लाकडी ठोकळे लावतात, ते नव्हते. चालकाचं दार उघडंच होतं आणि त्याचा एक पाय बाहेर. धडक द्यायच्या आधी उडी मारायची तर पाय बाहेरच हवा. तिने घड्याळ बघितलं. दहा अठ्ठेचाळीस.

"पैलवान, गाडी इथेच फाटकात आडवी लावा. बाहेर कुणाला जाऊ देऊ नका. मी केबिनमध्ये शिरले की त्या ट्रकच्या चालकावर नजर ठेवा. तो उडी मारेल."

"आणि मारली की?"

"धरा."

ती चालत गेली. धावली असती तर ट्रक तेव्हाच सुटला असता. हातात दप्तर, छातीवर बिल्ला, रोजच्यासारखी. अकरा वर्षं रोज ती अशीच चालली होती, म्हणून जमलं.

काटेवालीने काचेतून तिला बघितलं आणि घड्याळाकडे बघितलं. "बाई, लवकर? अजून शेवटच्या ट्रकची चिठ्ठी—"

"राहू दे. खाली बसा. हसत राहा आणि पायांखालचं पायपुसणं बाजूला करा."

"पायपुसणं?"

काट्याच्या केबिनच्या जमिनीत एक चौकोनी लोखंडी झाकण असतं. खाली पुरुषभर खोल खड्डा असतो, त्यात पाट्याला तोलून धरणाऱ्या दांड्या असतात. वर्षातून एकदा निरीक्षकाने खाली उतरून त्या तपासाव्यात असं नियमात आहे. बहुतेक निरीक्षक वरूनच सही करून जातात, कपडे मळतात म्हणून. काटेवालीने सात वर्षं त्या झाकणावर पाय ठेवून नोकरी केली आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. ही मात्र दरवर्षी पलीकडच्या टोकाच्या शिडीने खाली उतरली होती आणि ते झाकण तिने खालून बघितलं होतं.

"माझ्या चिठ्ठ्या!" काटेवाली ओरडली. दार अडवायला ठेवलेलं दहा किलोचं वजन तिने उचललं आणि पोटाशी धरलं. सगळ्या चिठ्ठ्या त्याच्या शिशाखाली होत्या.

"ते इथेच असू दे!"

"सात महिने, बाई! मेले तरी नाही सोडणार!"

वर फाटकाशी कुणीतरी शिट्टी वाजवली. अकराची वाट बघायची नाही असं कुणीतरी ठरवलं होतं. इंजिनाचा आवाज बदलला आणि उतारावरून तो डोंगर खाली सुटला. तिने झाकण वर खेचलं, काटेवालीला वजनासकट खाली ढकललं आणि स्वतःला मागोमाग झोकून दिलं. डोक्यावर सगळं जग फुटलं. काचा, पत्रे, विटा, धान्य. झाकणाच्या भोकातून उजेडाऐवजी धूळ आली. वरचा पाटा कण्हला, दांड्या थरथरल्या आणि स्थिर झाल्या.

"जिवंत आहात?"

"वजन आहे," काटेवाली म्हणाली. "मी पण आहे."

खड्ड्याच्या दुसऱ्या टोकाला एक शिडी आहे. त्या शिडीवर दोन पाय दिसले. मग पिस्तूल, मग माणूस. मेल्या की नाही बघायला पाठवलेला. उंच होता. दांड्यांखाली त्याला जवळजवळ दुमडून उभं राहावं लागलं. आणि मापटं तिथे सरळ उभी राहू शकत होती. त्याने गोळी झाडली, ती लोखंडावर टणत्कार करून कुठेतरी गेली. दुसरी झाडायच्या आत ती दांडीखालून सरपटत त्याच्या गुडघ्यापाशी पोचली होती. तिने त्याचा गुडघा बाजूने लाथेने मोडला. तो कोसळताना त्याच्या मुठीत तिचे केस आले, पिस्तूल तिच्या कानाशी आलं, आणि तेवढ्यात धप् असा आवाज झाला. काटेवालीने दहा किलोचं वजन दोन्ही हातांनी त्याच्या मनगटावर सोडलं होतं.

"शिक्क्याचं वजन आहे," ती धापा टाकत म्हणाली. "पुरतं दहा किलो."

दोघी शिडीने वर आल्या तेव्हा ट्रकचालक जमिनीवर उताणा पडला होता. चारही हमाल बाजूला उभे होते आणि त्याच्या छातीवर, पायांवर वीस किलोची चार वजनं शिस्तीत मांडलेली होती.

"हाताने धरून दमलो असतो," पैलवान म्हणाला. "म्हटलं, गाडीत आहेत तर वापरू."

आजूबाजूच्या ट्रकांचे चालक गोळा झाले होते. केबिन होती तिथे ढिगारा होता. गोदामवाल्याची माणसं पन्नास जणांदेखत काय करावं ते न सुचून लांब उभी होती. आणि त्या गर्दीतून वाट काढत मामा आले. अकरा वाजून सात मिनिटं झाली होती. पांढरा सदरा, आणि बाहीवर काळी फीत.

तिची नजर त्या फितीवरून हलेना. घरून निघताना आरशात बघून त्यांनी ती बांधली असेल. टोकं सारखी केली असतील.

मामांनी तिला बघितलं. क्षणभरच चेहरा उघडा पडला, मग त्यांनी तो सावरला. "मापटं! देवाची कृपा! चल, आधी गाडीत बस. सगळं समजावून सांगतो."

"मामा, किती वाजले?"

"अगं, ही काय वेळ आहे—"

"मेलेल्या बाईने विचारलंय. सांगा ना, किती वाजले? मी किती वाजता मेले?"

मामा जवळ आले, आवाज खाली उतरवला. तोच आवाज, गोळी काढताना तिचा हात धरून बोलणारा. "हळू बोल. तुला कळत नाही हे कुठवर गेलंय. गोदामवाला हे टोक आहे, वर बसलेत ते वेगळेच. त्यांनी मला स्पष्ट सांगितलं, चिठ्ठ्या बाहेर आल्या तर आपलं सगळं खातं मोडून टाकतील. चाळीस माणसं आहेत माझी. दोन बायकांवर भागत होतं."

"दोन बायकांवर," ती म्हणाली.

"मी काय आनंदाने केलं का?"

"आनंदाने नाही केलंत. आदल्या दिवशी केलंत." तिचा आवाज चढत गेला आणि तिने तो चढू दिला. "मारायचं होतं तर मारायचं होतं, मामा, मी तुमच्याच पाठीवरून जिवंत आले होते. पण मला चोर का केलंत? तिला का केलंत? आधी हिच्या भावाला दारुडा केलं, आता हिला चोर. जीव घेता तो घेता, वर नावही खाता? माझी आई ते पत्र घेऊन जन्मभर जगली असती, याचा विचार त्या ट्रेमध्ये कागद टाकताना आला होता का मनात? का तेव्हा चहा थंड होत होता?"

"पत्र?" मामा म्हणाले. आता मात्र त्यांचा चेहरा खरोखर उतरला. "पत्र अजून माझ्या..."

"तुमच्या ट्रेमध्ये होतं. पाच वाजेपर्यंत."

ती वळली. पाट्यावर अर्धवट कलंडलेल्या ट्रकवर चढली, दप्तरातला चाकू काढला आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मी वजनमाप निरीक्षक. या मालाच्या वजनाबद्दल मला शंका आहे. साक्षीदार म्हणून इथे असलेले सगळे बघा." तिने वरची पोती ओढून खाली ढकलली. धान्य सांडलं. खालच्या थरात धान्य नव्हतं. तेलकट कापडात गुंडाळलेल्या बंदुकांच्या नळ्या होत्या, एकीला एक लावून ठेवलेल्या.

गर्दीतून एक म्हातारा चालक पुढे आला, त्याने एक नळी हातात घेतली, तोलली, आणि काटेवालीकडे बघून मान खाली घातली. "तुझ्या भावाने मला सांगितलं होतं, पोरी," तो म्हणाला. "गाडी जड लागतेय म्हणाला होता. मी घाबरून गप्प बसलो."

मोठ्या बाईंची गाडी आली ती पोलिसांच्या दोन गाड्या मागे घेऊन. सगळ्यांत आधी उतरली आई. पाकीट तिने पारदर्शक कव्हरात घातलं होतं, परीक्षेच्या पेपरांसारखं. लेकीकडे तिने एकदाच वरपासून खालपर्यंत बघितलं, हातपाय मोजल्यासारखं, आणि सरळ मामांपुढे जाऊन उभी राहिली.

"ही सही तुमचीच ना?"

मामांचा एक हात नकळत बाहीवरच्या फितीवर गेला होता, ती काढायची की ठेवायची ते त्यांना ठरवता येत नव्हतं.

"राहू द्या ती," आई म्हणाली. "कुणीतरी गेलंय खरंच."

दुपारी मोठ्या बाईंच्या खोलीत एक वरचे साहेब येऊन बसले. गुळगुळीत बोलणारे. मामा कोठडीत होते, गोदामाला टाळं लागलं होतं, वजनातलं शिसं उकरून चिठ्ठ्या टेबलावर उलगडून ठेवल्या होत्या. साहेबांचं म्हणणं एवढंच की पत्राचा उल्लेख जबाबात नको. "नजरचुकीने गेलेला कागद आहे तो. खात्याची अब्रू आहे शेवटी. पाकीट आमच्याकडे द्या, तुमचं नाव आम्ही आतल्या आत स्वच्छ करू."

"पत्र माझ्या नावाने आलंय," आई म्हणाली. "सही करून घेतलंय मी. देणार नाही."

"आणि आतल्या आत नको," लेक म्हणाली. "मला चोर ठरवलं ते टपालाने, नोंदवहीत चढवून, शिक्का मारून. स्वच्छ करायचं तेही तसंच. माझं, या बाईंचं आणि यांच्या भावाचं. भावाचं आधी. तीन पत्रं, तीन घरी. आज पाचच्या आत."

"आज? अहो, त्याला प्रक्रिया असते, वेळ लागतो—"

"मेल्याचं पत्र आदल्या दिवशी निघतं तुमच्याकडून," ती म्हणाली. "जिवंत माणसाचं त्याच दिवशी निघायला काय हरकत आहे?"

साहेबांनी मोठ्या बाईंकडे बघितलं. मोठ्या बाईंनी टंकलेखक बोलावला. काटेवाली कोपऱ्यातल्या खुर्चीवर मांडीवर वजन घेऊन बसली होती. रिकामं झालं होतं, तरी तिने ते सोडलं नव्हतं. भावाचं पत्र तिने दोनदा वाचायला लावलं. 'मद्यप्राशन केल्याचा आरोप निराधार होता,' हे वाक्य तिसऱ्यांदा. मग आई म्हणाली, "'निराधार'च्या पुढे 'आणि खोटा' घाला." टंकलेखकाने घातलं.

पाचला पाच मिनिटं कमी असताना आवक-जावक कारकून दारात आला. बिचाऱ्याला काहीच कळलं नव्हतं, एवढंच कळलं होतं की आज ट्रेमध्ये काही आलेलं नाही. तीन पाकिटं बघून त्याचा चेहरा खुलला. "एवढीच ना? सहा दहाच्या टपालात जातील."

दोघी मायलेकी पुढच्या दाराने बाहेर पडल्या. पायऱ्यांवर आई थांबली.

"तुझं आजचं वाक्य राहिलंय."

सकाळपासून तिने इतकं खरं बोलून टाकलं होतं की एकच निवडायचं म्हणजे अवघड होतं.

"आई, मला राग आलाय," ती म्हणाली. "आणि तो जात नाहीये."

"बरं," आई म्हणाली. "नोंद घेतली." आणि मग, हे ती अकरा वर्षांत कधी म्हणाली नव्हती, "मलाही."